एक बेट, दोन वेढे आणि एक भाकीत

बायबलमधली भाकितं इतिहासात खरी ठरली का, या वादात टायर शहराचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही. भाकितांच्या बाजूने बोलणारा म्हणतो, "शहराचे दगड, लाकडं, माती समुद्रात टाकतील असं आधीच लिहून ठेवलं होतं, आणि सिकंदराने नेमकं तेच केलं. आता बोला!" समोरचा मोबाइलवर नकाशा उघडतो. "हे बघा, लेबनॉनच्या किनाऱ्यावर शहर आहे, लोकवस्ती आहे, बंदर आहे. पुन्हा कधी बांधलं जाणार नाही, असंही लिहिलं होतं ना?" मग आवाज चढतात आणि विषय दुसरीकडे जातो.

दोघेही एकाच अध्यायातली आपल्या सोयीची वाक्यं उचलतात. त्याच पुस्तकात तीन अध्याय पुढे या शहराविषयी आणखी काही लिहिलंय, ते वाचायला मात्र कुणी थांबत नाही. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा पुरावा तिथेच आहे. म्हणून शेकडो भाकितांची यादी करत बसण्यापेक्षा हे एक प्रकरण मुळापासून पाहू. ते समजलं की बाकीच्यांत काय तपासायचं याचाही अंदाज येतो.

टायरला मराठी बायबलमध्ये सोर म्हणतात. तिथले लोक आजही सूर म्हणतात. फिनिशियन व्यापाऱ्यांचं हे शहर दोन भागांत होतं. एक भाग किनाऱ्यावर, आणि खरं वैभव, देवळं, तटबंदी, गोद्या हे सगळं किनाऱ्यापासून पाऊण किलोमीटरभर आत, समुद्रातल्या खडकाळ बेटावर. समुद्री गोगलगायींपासून काढलेल्या जांभळ्या रंगाचं कापड ही इथली खासियत, आणि ते फक्त राजेरजवाड्यांना परवडायचं. यरुशलेमचं मंदिर बांधताना शलमोनाला गंधसरूचं लाकूड पुरवलं ते सोरच्या हीराम राजाने. उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज ही याच शहराची वसाहत. थोडक्यात, श्रीमंत, मुरलेलं आणि पाण्याच्या आडोशाने निर्धास्त झालेलं शहर.

आता भाकीत सांगणारा. यहेज्केल हा यरुशलेमचा याजक आणि संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) नबुखद्रेस्सर राजाने यहूदाचा तरुण राजा यहोयाखीन याला कैद करून नेलं, त्या खेपेत यहेज्केलही गेला आणि बाबेलजवळ खबार नावाच्या कालव्याकाठी इतर कैद्यांबरोबर राहू लागला. त्याच्या पुस्तकाचा एक गुण अभ्यासकांना फार आवडतो. तो तारखा देतो. 'आमच्या हद्दपारीच्या अमुक वर्षी, अमुक महिन्यात, अमुक दिवशी' असं चौदा-पंधरा ठिकाणी तरी आहे. प्राचीन भाकितांमध्ये ही शिस्त दुर्मीळ.

सोरवरचं भाकीत २६ व्या अध्यायात आहे आणि त्याची तारीख अकराव्या वर्षाची आहे (महिना मजकुरातून गळालाय). म्हणजे साधारण इ.स.पू. ५८७-५८६, यरुशलेम पडलं तो काळ. संदेष्टा चिडलाय, आणि का ते तो पहिल्याच वाक्यात सांगतो: यरुशलेम कोसळल्यावर सोरला आनंद झाला. एक स्पर्धक गेला, आता सगळा माल आपल्याकडून जाणार, असा तो व्यापारी आनंद.

पुढचा मजकूर सावकाश वाचायला हवा, कारण सगळं भांडण त्याच्या बांधणीवर आहे. आधी देव म्हणतो की समुद्राच्या लाटा याव्यात तशी पुष्कळ राष्ट्रं मी तुझ्यावर आणीन, ती तट पाडतील, माती खरवडून मी तुला उघडा खडक करीन, तिथे जाळी पसरतील. मग सातव्या वचनात नाव येतं: उत्तरेकडून नबुखद्रेस्सर येईल. किनाऱ्यावरच्या गावांतली माणसं तो कापून काढील, वेढ्याचे बुरूज उभारील, यंत्रांनी तट फोडील, त्याच्या घोड्यांच्या टापांनी तुझे सगळे रस्ते तुडवले जातील. बाराव्या वचनात 'तो' जाऊन 'ते' येतात: ते तुझी संपत्ती लुटतील, तुझे दगड, लाकडं आणि माती पाण्यात टाकतील. शेवटी पुन्हा 'मी': तुझी गाणी बंद करीन, तू उघडा खडक होशील, तू पुन्हा बांधली जाणार नाहीस, शोधूनही सापडणार नाहीस.

प्रत्यक्षात काय घडलं?

नबुखद्रेस्सर आला, यात शंका नाही. त्याने सोरला वेढा घातला आणि तो तेरा वर्षं चालला. हा आकडा आपल्याला मिळतो तो जोसेफस या पहिल्या शतकातल्या यहुदी इतिहासकाराकडून, आणि त्याने तो घेतला फिनिशियन नोंदींवरून. त्याला इथे कुठलंही भाकीत सिद्ध करायचं नव्हतं. यहुदी इतिहासाची कालगणना परक्या नोंदींशी जुळते, एवढंच दाखवायचं होतं. म्हणूनच त्याची साक्ष वजनदार. त्यावेळी सोरचा राजा इथोबाल होता. त्याच्यानंतर बाल नावाच्या राजाने दहा वर्षं राज्य केलं, आणि पुढे काही काळ राजाऐवजी न्यायाधीश नेमले गेले, असंही जोसेफस सांगतो. म्हणजे शहर टिकलं, राजवट टिकली, पण वरचष्मा बाबेलचा झाला. नबुखद्रेस्सरच्या दरबाराची यादी असलेला एक मातीचा लेख सापडलाय, त्यात सोरच्या राजाचाही उल्लेख आहे. वेढ्याचा शेवट तडजोडीने झाला असावा, यावर बहुतेक इतिहासकारांचं एकमत आहे. बेटावर बाबेलचे घोडे दौडले, तट फुटले, शहर लुटलं गेलं, याचा पुरावा कुठेच नाही.

इथे उघडायचा तो २९ वा अध्याय. सतराव्या वचनापासून एक छोटा मजकूर आहे आणि त्यावर तारीख आहे सत्ताविसाव्या वर्षाच्या पहिल्या महिन्याच्या पहिल्या दिवसाची. हिशेब केला तर इ.स.पू. ५७१ चा वसंत ऋतू येतो. यहेज्केलच्या पुस्तकातली ही सगळ्यात उशिराची तारीख. वेढा संपल्यावर वर्ष-दोन वर्षांच्या आत लिहिलेला हा मजकूर, आणि त्याचा आशय असा: नबुखद्रेस्सरने आपल्या सैन्याकडून सोरसाठी फार मेहनत करून घेतली, प्रत्येकाच्या डोक्याला टक्कल पडलं, प्रत्येकाचा खांदा सोलवटून निघाला, पण त्या कष्टाची मजुरी ना त्याला मिळाली ना त्याच्या सैन्याला. म्हणून आता मी त्याला त्याबदल्यात मिसर देश (इजिप्त) देतो.

डोक्यावरून आणि खांद्यावरून वर्षानुवर्षं ओझी वाहणाऱ्या माणसांचं हे वर्णन आहे. राजाच्या शिलालेखात असली वाक्यं कधी येत नाहीत. तिथे राजा नेहमी जिंकलेलाच असतो. आणि हे लिहिणारा कुणी टीकाकार नाही, ज्याने २६ वा अध्याय सांगितला तोच संदेष्टा आहे. सोरची लूट मिळाली नाही, हे तोच सांगतो. पुढे ज्यांनी हे पुस्तक संपादित केलं, हाताने लिहून काढलं, जपलं, त्यांनीही ते वाक्य काढलं नाही, की २६ व्या अध्यायाला मुरड घातली नाही. दोन्ही तारखांसकट शेजारीशेजारी राहू दिले.

म्हणजे नबुखद्रेस्सरपुरतं बोलायचं तर निकाल बायबलनेच दिलाय. तो आला, वेढा पडला, किनाऱ्यावरच्या वस्त्यांना त्याचा फटका बसलाही असेल, पण लूट मिळाली नाही. बाहेरचा पुरावा, म्हणजे जोसेफस, आणि आतला पुरावा इथे एकमेकांशी चपखल जुळतात. प्राचीन इतिहासात अशी जुळणी क्वचितच मिळते.

मग सिकंदर कुठून आला? वेढा उठल्यानंतर सुमारे २४० वर्षांनी, इ.स.पू. ३३२ मध्ये. इराणी साम्राज्याचा पाठलाग करत तो किनाऱ्याने दक्षिणेला निघाला होता. सीदोनसारखी शहरं आधीच शरण आली. सोरने भेटी पाठवल्या, पण बेटावरच्या मेल्कार्त देवाच्या देवळात यज्ञ करण्याची त्याची मागणी फेटाळली; ग्रीक लोक मेल्कार्तला आपला हेराक्लीस मानत, आणि सिकंदर स्वतःला हेराक्लीसचा वंशज म्हणवायचा. यज्ञ करायचा तर किनाऱ्यावरच्या जुन्या सोरमध्ये करा, असं त्याला कळवलं गेलं. त्याच्याजवळ पुरेशी जहाजं नव्हती. त्याने बेटापर्यंत समुद्रात भराव टाकायचं ठरवलं.

डायोडोरस हा प्राचीन ग्रीक इतिहासकार लिहितो की या भरावासाठी जुनं सोर पाडून त्याचे दगड वापरले. लाकूड लेबनॉनच्या डोंगरातून आलं. किनाऱ्याजवळ पाणी उथळ होतं तोवर काम भराभर झालं. बेट जवळ आलं तसा समुद्र खोल होत गेला आणि तटावरून बाण येऊ लागले. भरावाच्या टोकाला मनोरे उभारले, तर सोरच्या लोकांनी एका जुन्या जहाजात सुकी लाकडं, डांबर, गंधक भरलं, वारा साधून ते भरावावर आदळवलं आणि मनोरे जाळून टाकले. सिकंदराने भराव आणखी रुंद करायला घेतला आणि सीदोन, सायप्रस इथली आरमारं गोळा केली. खरा फरक या आरमारांनी पाडला. सात महिन्यांनी शहर पडलं. एरियन या दुसऱ्या ग्रीक इतिहासकाराच्या मते आठ हजार मारले गेले, तीस हजार गुलाम म्हणून विकले गेले. डायोडोरसचे आकडे वेगळे आहेत, पण कत्तल भयंकर होती यावर दोघांचं एकमत. पुढे त्या भरावाच्या दोन्ही बाजूंना वाळू साचत गेली आणि बेट कायमचं जमिनीला जोडलं गेलं. आजचं सूर द्वीपकल्पावर आहे ते यामुळे.

दगड, लाकडं, माती पाण्यात. २६ व्या अध्यायाच्या बाराव्या वचनाशी हे साम्य कुणाच्याही डोळ्यांत भरेल, आणि त्यावर नाक मुरडण्याचं कारण नाही. भाकिताच्या बाजूचा युक्तिवाद असा: आधी 'पुष्कळ राष्ट्रं' म्हटलंय, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या लाटा. नबुखद्रेस्सर ही पहिली लाट, तिथे 'तो'. बाराव्या वचनापासून 'ते', म्हणजे पुढच्या लाटा. त्यात सिकंदर आला. आणि 'पुन्हा बांधली जाणार नाहीस' हे किनाऱ्यावरच्या जुन्या सोरबद्दल आहे.

युक्तिवाद हुशारीचा आहे, पण तो किती ओझं पेलतो ते बघा. नबुखद्रेस्सरच्या सैन्याचं वर्णन चालू असताना मध्येच 'ते' आलं तर साध्या वाचनात ते त्याचेच सैनिक. या मजकुराचं जे प्राचीन ग्रीक भाषांतर आहे, त्यात तर बाराव्या वचनातही 'तो'च आहे. म्हणजे त्या जुन्या भाषांतरकारांना इथे कुणी नवा माणूस आलाय असं वाटलं नव्हतं. शिवाय किनाऱ्यावरच्या वस्त्यांचा उल्लेख आठव्या वचनात वेगळा होऊन गेलाय. पुढे २७ व्या अध्यायात सोरचं जे रूपक आहे, लेबनॉनच्या गंधसरूची डोलकाठी आणि मिसरच्या तागाचं शीड असलेलं, भर समुद्रात बुडणारं देखणं जहाज, ते बेटाचं आहे. यहेज्केलचा राग बंदरावर आहे, किनाऱ्यावरच्या गावावर नाही.

आणि बेटावरचं शहर पुन्हा उभं राहिलं. सिकंदराच्या कत्तलीला वीस वर्षंही झाली नव्हती, तेव्हा त्याच्याच एका सेनापतीला, अँटिगोनसला, सोर घ्यायला सव्वा वर्ष वेढा घालावा लागला. रोमन काळात सोरची चांदीची नाणी इतकी विश्वासाची होती की यरुशलेमच्या मंदिराचा कर त्याच नाण्यांत भरला जायचा. येशू त्या भागात गेल्याचं बायबलमध्ये मार्क सांगतो. ख्रिस्ती धर्मप्रचारक पौल तिथे सात दिवस राहिल्याचं बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला तिथे भव्य चर्च झालं आणि त्या वेळी युसेबियस या बिशपने केलेलं भाषण आजही वाचायला मिळतं. ११२४ मध्ये क्रुसेडवाल्यांनी शहर घेतलं, १२९१ मध्ये इजिप्तच्या मामलुक सुलतानांनी ते घेऊन उद्ध्वस्त केलं. मग खरोखरच काही शतकं अवकळा आली.

नेमक्या त्या पडत्या काळात युरोपातले प्रवासी हातात बायबल घेऊन तिथे पोचू लागले. हेन्री मॉन्ड्रेल नावाचा इंग्रज पाद्री १६९७ मध्ये गेला, तेव्हा त्याला पडक्या तळघरांत राहून मासेमारीवर पोट भरणारी मूठभर गरीब माणसं दिसली, आणि देवाने आपला शब्द कसा खरा केला याचा पुरावा म्हणूनच जणू ती इथे राखली आहेत, असं त्याने लिहिलं. 'सोरचं भाकीत अक्षरशः पूर्ण झालं' हा सूर रुजायला असली प्रवासवर्णनं फार उपयोगी पडली. मॉन्ड्रेल पाचशे वर्षं आधी गेला असता तर त्याला गजबजलेलं बंदर दिसलं असतं. आजही तिथे गाव आहे, रोमन काळातलं रथशर्यतीचं प्रचंड मैदान आहे, आणि १९८४ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

काही जण इथे संभाव्यतेचं गणित मांडतात: तट पडण्याची शक्यता इतकी, जाळी वाळत घालण्याची इतकी, सगळ्यांचा गुणाकार करा, कोट्यवधींत एक! हे गणित ऐकायला भारी वाटतं, पण गुणाकार चालतो तो एकमेकांशी संबंध नसलेल्या घटनांचा. श्रीमंत बंदरावर हल्ला होणं, त्याचे तट पडणं आणि लुटालूट होणं या एकाच गोष्टीच्या पायऱ्या आहेत. समुद्रकाठच्या गावात जाळी वाळत पडणं ही तर शक्यता म्हणावी का, हाच प्रश्न आहे.

सोरच्या बाबतीत निदान एक कटकट नाही: भाकीत घटनेनंतर लिहिलंय असा संशय घ्यायला जागा नाही. उलट ते घटनेशी पूर्ण जुळत नाही, हाच ते आधी लिहिल्याचा उत्तम पुरावा आहे. नंतर लिहिलं असतं तर जुळवूनच लिहिलं असतं! इतर ठिकाणी मात्र 'कधी लिहिलं' हाच कळीचा प्रश्न ठरतो. आपल्याकडचं भविष्यपुराण आठवा. त्याच्या प्रतिसर्गपर्वात अकबर येतो, इंग्रज येतात, सगळं 'पुढे होणार आहे' अशा भाषेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते मुंबईच्या वेंकटेश्वर छापखान्यातून छापून निघालं. तो भाग फार उशिरा लिहिला गेलाय, हे संस्कृतचे अभ्यासक सांगतात, आणि ते ओळखायची पद्धत सोपी आहे: वर्णन कुठपर्यंत अचूक आहे आणि कुठून विसकटतं, ते बघायचं.

बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायाला हीच कसोटी लावली जाते. दानीएल हा बाबेल आणि इराणच्या दरबारातला, म्हणजे इ.स.पू. सहाव्या शतकातला. पण या अध्यायात 'उत्तरेचा राजा' आणि 'दक्षिणेचा राजा' यांच्या लढाया, सोयरिकी, कारस्थानं ज्या क्रमाने येतात, तो सिकंदरानंतरच्या सीरिया आणि इजिप्तच्या ग्रीक राजघराण्यांचा इतिहास आहे, तपशिलासकट. कित्तीमच्या (इथे अर्थ रोमच्या) जहाजांमुळे उत्तरेचा राजा माघार घेतो असं एक वचन आहे. इ.स.पू. १६८ मध्ये रोमचा दूत पोपिलियस इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ सीरियाच्या चौथ्या अँटिओकस राजाला भेटला, काठीने त्याच्याभोवती वाळूत रिंगण काढलं आणि या बाहेर पाऊल टाकण्याआधी इजिप्त सोडतोस की नाही ते सांग, म्हणाला. राजा निमूट परतला, आणि पुढच्याच वर्षी त्याने यरुशलेमचं मंदिर भ्रष्ट केलं. तेही अध्यायात आहे. मग ४० व्या वचनापासून घोटाळा होतो. राजा पुन्हा मिसर जिंकेल आणि समुद्र व पवित्र पर्वत यांच्यामध्ये तळ देऊन मरेल, असं तिथे आहे. प्रत्यक्षात अँटिओकसने पुन्हा इजिप्त जिंकलं नाही, आणि इ.स.पू. १६४ मध्ये तो दूर इराणच्या बाजूला मेला.

इ.स.च्या तिसऱ्या शतकातल्या पॉर्फिरी या तत्त्वज्ञाने यावरून म्हटलं की हे पुस्तक अँटिओकसच्या काळातच लिहिलं गेलं. त्याचा ग्रंथ ख्रिस्ती सम्राटांनी जाळायला लावला. त्याचं म्हणणं आपल्याला कळतं ते त्याला खोडून काढणाऱ्या जेरोम या ख्रिस्ती विद्वानामुळे. आज विद्यापीठांतले बहुसंख्य अभ्यासक पॉर्फिरीच्या बाजूने आहेत. परंपरावादी म्हणतात की शेवटची वचनं अँटिओकसची नाहीतच, ती जगाच्या अंताच्या वेळी येणाऱ्या ख्रिस्तविरोधकाची आहेत. सोरच्या 'तो' आणि 'ते'चीच ही थोरली बहीण: जिथे जुळत नाही तिथून माणूस बदलायचा. त्यांचा दुसरा मुद्दा जास्त दमदार आहे. मृत समुद्राकाठच्या कुमरान गुहांत दानीएलच्या आठ प्रतींचे अवशेष मिळाले आणि त्यातला सगळ्यात जुना इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरचा मानतात. कालपरवा लिहिलेलं पुस्तक इतक्या लवकर पवित्र कसं झालं, असा त्यांचा सवाल. प्रश्न रास्त आहे, पण संकटाच्या काळात धीर देणारं पुस्तक झपाट्याने पसरतं, हेही तितकंच खरं.

यशयाच्या पुस्तकात कोरेश या इराणी राजाचं नाव घेऊन केलेल्या भाकिताचं तसंच. यशया इ.स.पू. आठव्या शतकातला, कोरेशने बाबेल घेतलं इ.स.पू. ५३९ मध्ये. म्हणून ४० व्या अध्यायापासूनचा भाग दुसऱ्या कुणी हद्दपारीच्या काळात लिहिला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. कुमरानच्या यशयाच्या मोठ्या गुंडाळीत ४० वा अध्याय एका रकान्याच्या अगदी शेवटच्या ओळीवर सुरू होतो, मध्ये मोकळी जागा नाही. एकसंध पुस्तकाचा पुरावा म्हणून ही ओळ हमखास दाखवली जाते. ती गुंडाळी कोरेशनंतर चारशे वर्षांनी लिहिलेली आहे, हे सांगायचं राहून जातं.

पुन्हा यहेज्केलकडे. सोरच्या बदल्यात मिसर देऊ केला होता, त्याचं काय झालं? नबुखद्रेस्सरच्या ३७ व्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ५६८-५६७ मध्ये, त्याने इजिप्तच्या राजाशी युद्ध केल्याचा उल्लेख असलेला एक फुटका मातीचा लेख ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. स्वारी झाली, इतकं त्यावरून म्हणता येतं. पण मिसर चाळीस वर्षं ओसाड पडेल, तिथून माणसाचं पाऊलही जाणार नाही, असं त्याच अध्यायात आहे, आणि ती चाळीस वर्षं कुठल्याच नोंदीत दिसत नाहीत. अमासिस राजाची तिथली राजवट इ.स.पू. ५२६ पर्यंत चालली आणि ती भरभराटीची होती.

तर मग प्राचीन यहुद्यांना हे दिसत नव्हतं का? दिसत होतं, आणि त्यांच्यातही यावर दोन मतं होती. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात कडक नियम आहे: संदेष्ट्याने सांगितलेलं घडलं नाही तर ते देवाचं वचन नव्हे. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात दुसराच नियम आहे: मी एखाद्या राष्ट्राच्या नाशाचं बोललो आणि ते राष्ट्र वळलं, तर मीही बेत बदलतो. योनाचं पुस्तक तर यावरच बेतलंय. चाळीस दिवसांत निनवे शहर उलथून पडेल, असं योना संदेष्टा ओरडत फिरतो, लोक पश्चात्ताप करतात, काहीच होत नाही, आणि आपलं भाकीत फुकट गेलं म्हणून योना रुसून बसतो.

या दोन नियमांची समोरासमोर गाठ पडते ती यिर्मयाच्या २६ व्या अध्यायातल्या खटल्यात. साल इ.स.पू. ६०९ च्या आसपासचं. मंदिराचा नाश होईल असं यिर्मया मंदिराच्याच अंगणात बोललाय आणि याजक त्याला मृत्युदंड मागताहेत. तेव्हा काही वडीलधारे उठतात आणि शंभर वर्षांपूर्वीचा दाखला देतात: हिज्कीया राजाच्या काळात मीखा संदेष्टा म्हणाला होता की स्योन (म्हणजे यरुशलेम) शेतासारखी नांगरली जाईल. राजाने त्याला मारलं का? नाही, तो देवाला शरण गेला आणि संकट टळलं. न घडलेल्या भाकिताचा दाखला देऊन एका संदेष्ट्याचा जीव वाचवला गेला. अनुवादाचा नियम काटेकोर लावला असता तर त्याच दाखल्याने मीखा खोटा ठरला असता. भाकीत म्हणजे भविष्याचा फोटो की गुन्हेगाराला दिलेली तंबी, यातलं दुसरं उत्तर त्या वडीलधाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. यहेज्केलची दोन तारखांची पानं शेजारीशेजारी ठेवणारे लोकही मला त्यांच्याच वळणाचे वाटतात.

गुंता तिथे संपत नाही. टळलं म्हणून सांगितलेलं ते भाकीत पुढे वीस-बावीस वर्षांत, यरुशलेम पडल्यावर, बरंचसं खरं झालं. आणि इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या ग्रंथात आव या यहुदी महिन्याच्या नवमीला झालेल्या पाच आपत्तींत 'नगर नांगरलं गेलं' ही रोमन काळातली आपत्तीही मोजलेली आहे. तालमूद या नंतरच्या यहुदी ग्रंथात यावर एक गोष्ट आहे. मंदिर उद्ध्वस्त झाल्यानंतर चार रब्बी, म्हणजे यहुदी धर्मपंडित, तिथून जात असतात. परमपवित्र स्थान, म्हणजे मंदिराचा गाभारा, होतं तिथून कोल्हा बाहेर पडतो. तिघे रडतात, रब्बी अकिवा हसतो. कारण विचारल्यावर तो म्हणतो, की स्योन नांगरली जाईल हे भाकीत खरं झालं नव्हतं तोवर मला भीती होती, की यरुशलेमच्या चौकांत पुन्हा म्हातारेकोतारे काठी टेकत बसतील हे जखऱ्या संदेष्ट्याचं भाकीतही खरं होणार नाही. आता पहिलं झालंय, तेव्हा दुसरंही होणार.